झुलाल आबांच्या टोपीचा पुरावा

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो. फोटो पोहोचला. कॅमेऱ्यातून निघाला, जळगावहून थेट धुळ्याला गेला, देवपुरातल्या एका घरी त्रेचाळीस इंची टीव्हीवर दिसला आणि छत्तीस माणसांनी तो एकाच वेळी पाहिला.

आता हे तुम्ही वाचलंच नाही, असं धरून चालू. कुठलाही फोटो कुठेही गेलेला नाही. त्या रविवारी मी जळगावात नव्हतो. झुलाल आबा नावाच्या कुणा गृहस्थांना मी ओळखत नाही, आणि ओळखत असलो तरी त्यांना शिंगं नाहीत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

तर मंडळी, विषय अगदी साधा होता. डिजिटल कॅमेऱ्यातला एक फोटो मोबाइलमध्ये घ्यायचा. पाच मिनिटांचं काम! मी बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे. आमच्या कॉलनीत कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाच्या टीव्हीवर आपोआप तमिळ लागलं, की लोक आधी मला बोलावतात आणि मग देवाला. माझ्यानंतर देवाला का बोलवावं लागतं, याचा मी तोपर्यंत कधी विचार केला नव्हता.

आधी प्रकरण काय ते सांगतो. माझी चुलत बहीण नूतनताई, म्हणजे आमच्या आधार नानांची मुलगी. तिचा साखरपुडा आदल्याच आठवड्यात जळगावात झाला. मुलगा देवपूरचा, राकेश. माणूस सरळ. ताई त्याच्याशी फोनवर बोलायला लागली की वरणाला फोडणी द्यायची विसरते, यावरून सोयरीक चांगली आहे असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं.

आमच्याकडे साखरपुड्यात अंगठी हा किरकोळ कार्यक्रम. ती पाच मिनिटांत होते. खरा कार्यक्रम टॉवेल-टोपीचा. पाहुण्यांकडच्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला नाव घेऊन पुढे बोलवायचं, डोक्यावर नवी पांढरी टोपी ठेवायची, गळ्यात नवा टॉवेल घालायचा आणि वाकून नमस्कार करायचा. ती टोपी तो माणूस पुढे कधी घालेलच असं नाही. पण मिळाली नाही, तर त्याची आठवण त्याची नातवंडंसुद्धा काढतात. त्या दिवशी नानांनी सत्तावीस जणांना टॉवेल-टोपी केली. मी स्वतः मोजली.

आणि चार दिवसांनी देवपुरात झुलाल आबांनी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं की आपल्याला टोपी मिळालीच नाही.

झुलाल आबा म्हणजे राकेशच्या वडिलांचे काका. वय ब्याऐंशी. त्या घराण्यातलं सगळ्यात मोठं माणूस. त्यांना टोपी नाही, याचा अर्थ मुलीकडच्यांनी घराण्याचं डोकंच उघडं ठेवलं. घरच्यांनी समजावलं की आबा, मिळाली होती, तुम्ही विसरलात. तर आबा म्हणाले, मग दाखवा कुठे आहे ती. दाखवणार कशी? सत्तावीस टोप्या एकाच पिशवीत धुळ्याला गेलेल्या. टोपीवर कुणाचं नाव नसतं. शिवाय आबांच्या कपाटात आधीच्या साठ-सत्तर वर्षांच्या टोप्या होत्याच. त्या ढिगातून आमची टोपी ओळखणं म्हणजे पोत्यातल्या ज्वारीत कालचा दाणा शोधणं.

रविवारी दुपारी दोन वाजता मी नानांच्याच घरी होतो, तेव्हा राकेशच्या वडिलांचा, प्रेमराजभाऊंचा फोन आला. फार अवघडून बोलत होते. त्यांचं म्हणणं असं की त्यांचा आमच्यावर विश्वास आहे, पण पाच वाजता भाऊबंद बसणार आहेत, आणि आबांनी ‘या घरची मुलगी नको’ म्हटलं तर त्यांच्या पुढे जाऊन कुणी हो म्हणणार नाही. काही पुरावा असेल तर तेवढा पाच वाजायच्या आत पाठवा.

पुरावा होता! तोही एकच. टॉवेल-टोपी सुरू होती तेव्हा आमचा ठरवलेला फोटोग्राफर हॉलबाहेर नूतनताईला आणि राकेश दाजींना कारंज्यासमोर उभं करून वर ड्रोन उडवत होता. मोबाइलवाली सगळी जनता ड्रोन बघायला बाहेर. आत उरलो मी, आणि नानांनी माझ्या गळ्यात अडकवलेला त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा. झुलाल आबांच्या डोक्यावर नाना टोपी ठेवताहेत, गळ्यात टॉवेल आहे, आबा कॅमेऱ्याकडे बघून चक्क हसताहेत, असा फोटो मी स्वतः काढला होता.

‘‘मग झालं तर. पाच मिनिटांत पाठवतो,’’ मी म्हणालो.

नूतनताई समोर सहावीचे पेपर तपासत बसली होती.  ‘खान्देशातील प्रमुख नदी’ या प्रश्नाला ‘तापी’ लिहिणाऱ्या एका मुलाला तिने तेवढ्यात शून्य मार्क दिले, त्यावरून तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं.

आता नानांबद्दल. आधार नाना वरणगावच्या लष्करी कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथे काय बनतं हे त्यांनी स्वतःच्या बायकोला, प्रमिलाकाकूंना कधी सांगितलं नाही. काकूंनीही कधी विचारलं नाही, कारण घरातलं स्टोअर सांभाळतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. नानांच्या घरातून छत्री न्यायची तर वहीत सही करावी लागते. परत आणली की दुसरी सही. मसाल्याच्या डब्यांना नंबर आहेत. मी लहानपणी एकदा सांडशी घेऊन गेलो होतो, तिची नोंद अजून माझ्या नावावर आहे. नानांचं आयुष्याचं सूत्र एकच: एक वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असली पाहिजे. दोन ठिकाणी दिसली, तर एक नोंद खोटी.

त्यांनी कपाटातून कॅमेरा आणला. मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलात, मूळ पिशवीत. त्याच्यासोबतची माहितीपुस्तिका सात भाषांत होती आणि त्यांतली एकही आमच्या घरी कुणाला येत नव्हती. पण नानांनी ती चित्रं बघून पाठ केली होती. कॅमेरा चालू केला. मागच्या स्क्रीनवर फोटो दिसला. आबा, टोपी, टॉवेल, हसू. सगळं स्वच्छ!

नूतनताई उठून आली, बघितलं आणि म्हणाली, ‘‘मोबाइलने या स्क्रीनचाच फोटो काढ आणि पाठवून दे. संपलं.’’

इथे मी थांबतो आणि तुम्हाला विनंती करतो की या वाक्याकडे नीट बघा. त्या दिवशी त्या घरात बोललं गेलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. त्यावर मी काय केलं? मी हसलो.

‘‘ताई, घरात आमरस असताना आंब्याचं चित्र कोण चाटतं?’’

नानांनीही मान हलवली. ‘‘फोटोचा फोटो म्हणजे झेरॉक्स. ते लोक ओरिजिनल मागतील.’’

ताई पेपरांकडे परत गेली.

मी नानांचा नवा स्मार्टफोन घेतला. कॅमेऱ्याची वायर घेतली, तिला पुढे एक छोटी पिन जोडली आणि दोन्ही यंत्रं एकमेकांना जोडून टीपॉयवर ठेवली. फोनने विचारलं, चारशे बारा फोटो सापडले, कोणते हवेत? मी दाबलं: सगळे. ताई मान वर न करता म्हणाली, एकच पाहिजे. मी तिला समजावलं की आजकालच्या तंत्रज्ञानात एकाला जेवढा वेळ लागतो तेवढाच चारशे बाराला. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात जळगावहून निघालेला माणूस एरंडोल ओलांडून गेला असता.

पण आले. चारशे बाराच्या चारशे बारा आले! मी वायर काढली, कॅमेरा नानांच्या हातात दिला, विजयी मुद्रेने काकूंना चहा टाकायला सांगितला आणि फोन घेऊन खुर्चीत बसलो. आबांचा फोटो निवडला, प्रेमराजभाऊंचा नंबर निवडला आणि पाठवायला गेलो, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

कशी असणार? नानांनी फोन घेतल्यापासून आलेली एकही शुभ सकाळ काढून टाकलेली नव्हती. गुलाबाची फुलं, उगवते सूर्य, वाफाळते कप, सगळा आलेला माल जसाच्या तसा भरून ठेवलेला. त्याला हात लावायचा तर नानांची सही लागणार. त्यावर माझे चारशे बारा. फोनचा जीव कोंडला होता. एक बटण दाबलं की तो दीड मिनिटाने ‘हां’ म्हणायचा.

मी शांत डोक्याने विचार केला. मला आठवतंय, मी खरंच शांत होतो. हे चारशे बारा कॅमेऱ्यात आहेतच. फोनमधले सगळे उडवून टाकू, जागा होईल, मग कॅमेऱ्यातून आबांचा एकच परत घेऊ. केवढा साधा उपाय! मी पूर्ण फोल्डर निवडून ‘हटवा’ दाबलं. फोनने विचारलं, कायमचे हटवायचे? हो. परत मिळणार नाहीत, खात्री आहे? मला त्या फोनचा रागच आला. बी.एस्सी. कॉम्प्युटर माणसाला खात्री विचारतो! हो म्हणजे हो.

मग मी आतल्या खोलीत गेलो. नाना पलंगावर बसून कॅमेरा मऊ फडक्याने पुसून खोक्यात ठेवत होते.

‘‘नाना, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मी तिथले काढून टाकले. कॅमेऱ्यातून फक्त आबांचा परत घेऊ.’’

‘‘कुठून?’’

‘‘कॅमेऱ्यातून.’’

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. स्टोअरच्या खिडकीतून चौतीस वर्षं ते चुकीचा फॉर्म आणणाऱ्यांकडे असंच बघत असणार.

‘‘कॅमेऱ्यात कसे असतील? फोनमध्ये गेले ना? माल पुढे गेला की इकडचा स्टॉक निल. मी निल केला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘सगळे पुसले. पुस्तकात चित्र आहे त्याप्रमाणे.’’

मंडळी, धक्का हा शब्द मी तोपर्यंत उगाचच वापरत आलो होतो. परीक्षेचा निकाल, पेट्रोलचा भाव, असल्या फुटकळ गोष्टींसाठी. खरा धक्का बसतो तेव्हा माणसाला आधी आपले कान ऐकू येतात. मला माझे दोन्ही कान वेगवेगळे ऐकू आले. एका घरात, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड, दोन जबाबदार माणसांनी एकाच घटकेला, एकमेकांच्या भरवशावर, झुलाल आबांना जगातून नाहीसं केलं होतं!

बाहेर आलो तर ताईचं पेन थांबलेलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, ‘‘किती वाजले?’’

तीन वाजून पाच मिनिटं.

काकूंनी चहाचा गॅस बंद केला आणि देव पाण्यात ठेवले. हे मी म्हण म्हणून सांगत नाही. त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे देव खरोखर तांब्याच्या घंगाळात बुडवले आणि फोटो येईपर्यंत बाहेर काढणार नाही असं त्यांना तोंडावर सांगितलं. बाळकृष्ण उलटा पडला होता, तो नानांनी सरळ केला.

मी घरून लॅपटॉप आणला. पुसलेले फोटो परत काढणारं एक सॉफ्टवेअर असतं. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्याला लावलं. मी सगळ्यांना धीर देत समजावलं की पुसलेलं खरं पुसलं जात नाही. घर तिथेच असतं, फक्त दारावरची पाटी निघते. आपण फक्त पाटी लावायची. ताई म्हणाली की तिने याआधीही माझं एक वाक्य ऐकलं होतं, त्यात पाच मिनिटं होती.

सॉफ्टवेअर सुरू झालं. एक टक्का. दोन टक्के. नाना मागे खुर्ची टाकून बसले आणि दर दहा टक्क्यांना वेळ लिहून ठेवू लागले. साडेतीनला तीस टक्के. चारला पंचावन्न. मध्येच राकेश दाजींचा ताईला फोन आला. ती बाल्कनीत जाऊन बोलली आणि परत येऊन एवढंच म्हणाली की लोक जमायला लागलेत, आबा नवं धोतर नेसून आलेत आणि आज मुद्दाम टोपी न घालता बसलेत. ब्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा. बायका त्यांच्या उघड्या डोक्याकडे बघून हळहळताहेत.

 उघडं डोकं घेऊन बसलेल्या माणसापुढे कुणाचं काय चालणार?

चार एकावन्नला शंभर टक्के झाले. चारशे बारापैकी एकोणचाळीस फोटो सापडले. स्क्रीनवर त्यांची बोटाएवढी छोटी छोटी चित्रं एकेक करून उमटू लागली. नानांचा अंगठा. नानांचा अंगठा. धरणगावच्या शेतावरचा पोळा. पुन्हा अंगठा. नानांच्या निवृत्तीचा हार, आत नाना नाहीत. बत्तीस, तेहेतीस, चौतीस. आणि पस्तिसावा, आबा! टोपी, टॉवेल, हसू. बोटाएवढे, पण आबाच!

मी उडी मारली. काकूंनी देवांना हात जोडले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने त्या सहावीच्या पोराचे ‘तापी’चे मार्क परत दिले. आता वेळ घालवायचा नव्हता. मी फोटो उघडूनबिघडून बघत न बसता लॅपटॉपवरून थेट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर घेतला. खाली मजकूर नानांनी सांगितला आणि मी टाइप केला: ‘सोबत फोटो एक प्रत. मा. झुलाल आबा यांचा टॉवेल-टोपी देऊन सन्मान करताना. कृपया पोच द्यावी.’

चार छप्पन. प्रेमराजभाऊंना गेला! दोन निळ्या खुणा.

पाच वाजले. पाच वाजून सात मिनिटं झाली. पोच नाही. नाना म्हणाले, मोठा माल आहे, तपासून घेत असतील.

पाच-नऊला राकेश दाजींचा फोन आला. आवाज इतका हळू, जणू बाजूला कुणीतरी झोपलंय.

‘‘ललित, आबांना डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून मी तो फोटो टीव्हीवर लावला.’’

‘‘छान केलं. टोपी दिसते ना?’’

‘‘टोपी दिसते.’’

‘‘मग?’’

‘‘टोपीच्या खाली बघितलंस का तू?’’

मी फोन कानाला धरूनच लॅपटॉपवर तो फोटो पहिल्यांदा मोठा केला.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगतो, कारण ती मला त्याच क्षणी कळली. पुसलेला फोटो परत येतो तेव्हा त्याचं बोटाएवढं चित्र शाबूत राहू शकतं. मोठ्या फोटोचे मात्र तुकडे झालेले असतात, आणि सॉफ्टवेअर जवळ सापडेल तो तुकडा त्याला जोडून मोकळं होतं. आमच्या सॉफ्टवेअरला आबांच्या जवळ पोळा सापडला होता.

वर पांढरी टोपी. टोपीवर नानांचा हात. टोपीखाली झुलाल आबांचं कपाळ, भुवया आणि चष्मा. इथपर्यंत आबा. चष्म्याखाली बैल! काळंभोर ओलं नाक, तोंडाला फेस, आणि आबांच्या कानांच्या जागेवरून दोन्ही बाजूंना वळलेली, हिंगूळ लावलेली, टोकांना गोंडे बांधलेली देखणी शिंगं. जोड इतकी बेमालूम की चष्मा बैलाचाच वाटत होता.

खाली माझा मजकूर: ‘मा. झुलाल आबा यांचा सन्मान करताना.’

नूतनताईने बघितलं आणि ती जिथे होती तिथेच खाली बसली. काकूंनी घंगाळावर झाकण ठेवलं. देवांनी हे बघू नये, एवढाच त्यांचा हेतू असावा. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर असल्याची त्या क्षणी मला कुणी आठवण करून दिली असती, तर मी डिग्री परत केली असती.

तिकडून दाजी म्हणाले, ‘‘आबा बोलणार म्हणताहेत. स्पीकरवर टाकतोय.’’

मीही स्पीकरवर टाकला. छत्तीस माणसांच्या गप्प बसण्याचा आवाज आला. मग खोकल्याचा. मग झुलाल आबांचा.

‘‘कोण बोली ऱ्हायना?’’

‘‘ललित बोलतोय, आबा. नूतनताईचा भाऊ.’’

‘‘फोटो देखा, भाऊ. बठ्ठास्नी देखा.’’

‘‘आबा, सगळ्यांनी बघितलं ते मशीनमुळे झालं, माझ्या मनात तसं काही...’’

‘‘बैल कोना शे?’’

मला प्रश्न कळायला वेळ लागला. ‘‘आमचाच आहे. धरणगावचा.’’

‘‘दमदार शे.’’ आबा बहुतेक पुन्हा टीव्हीकडे बघत असावेत. ‘‘टोपी मन्ही शे. चष्मा मन्हा शे. टोपी भेटनी, मी मानी लिधं.’’

आमच्या घरात चार माणसांनी एकदम श्वास सोडला. पण घाई झाली होती.

‘‘पन भाऊ, बैलना गळामा काय शे?’’

मी वाकून बघितलं. त्या वर्षी पोळ्याला झूल उंदरांनी कुरतडलेली, म्हणून नानांनी बैलाच्या गळ्यात काय घातलं होतं? कोरा, करकरीत, लाल काठाचा टॉवेल.

‘‘टॉवेल आहे, आबा.’’

‘‘मंग? टोपी माले, आनि टॉवेल बैलले?’’

 बैल म्हणून दाखवल्याचा त्या माणसाला तिळभर राग नव्हता. उभा जन्म बैलांसोबत गेलेला माणूस, त्याला त्यात कमीपणा वाटायचं कारणच नव्हतं. पण आपल्या हक्काचा टॉवेल बैलाच्या गळ्यात दिसतोय, हे त्यांना टीव्हीवर, भाऊबंदांसमोर दिसत होतं. मी सांगू लागलो की बैलाचा टॉवेल वेगळा, तुमचा वेगळा, तुमचा पुसला गेला. ते मला स्वतःलाच पटेना.

तेव्हा नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. घसा साफ केला.

‘‘आबा, मी आधार बोलतोय. आपलं म्हणणं रास्त आहे. रेकॉर्डला टॉवेल बैलाच्या नावावर दिसतो. टोपी पोहोचली, टॉवेल बाकी, असं धरू. उद्या सकाळी मी स्वतः टॉवेल घेऊन देवपूरला येतो.’’

 तिकडे आबा आपल्या लोकांना काहीतरी म्हणाले ते आम्हाला पुसट ऐकू आलं. नियमाने चालणारा माणूस दिसतो, असा त्याचा अर्थ होता. आणि मग फोनमध्ये: ‘‘या. पोरगी चांगली शे.’’

सोयरीक वाचली! नूतनताई आत जाऊन दार लावून रडली आणि बाहेर येऊन तिने मला एक धपाटा घातला. धपाट्यात मला लग्नाचं आमंत्रण ऐकू आलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मी अजून घरात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, ताई आणि मी देवपूरला गेलो. ताईला शाळेत रजा टाकावी लागली. नानांनी नवा टॉवेल आणला होता. पण ऐनवेळी त्यांच्यातला स्टोअरकीपर जागा झाला. टॉवेल-टोपी हा सेट आहे, त्यातला एकच नग देता येत नाही. म्हणून त्यांनी जोडीला नवी टोपीही घेतली होती. आबांना पाटावर बसवलं. टॉवेल गळ्यात, टोपी डोक्यावर, नाना वाकले, आबा हसले. या वेळी मी माझ्या मोबाइलने फोटो काढला. एकच. उघडून बघितला, मोठा करून बघितला, चष्म्याखाली तीनदा बघितला. सगळे आबाच होते! प्रमिलाकाकूंना कळवलं, तेव्हा कुठे देव कोरडे झाले.

आता इतका स्वच्छ फोटो आल्यावर माणूस काय करेल? मी तो दोन्हीकडच्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘आबांचा पुन्हा एकदा टॉवेल-टोपी देऊन सन्मान.’

‘पुन्हा एकदा’ हे शब्द कुणी मला सुचवले नव्हते. ते माझेच.

आम्ही परतीच्या वाटेवर पारोळ्याला पोहोचलो नव्हतो तेवढ्यात पहिला फोन आला. देवपूरचे धनसिंग बापू, आबांचे धाकटे भाऊ. त्यांनी शांतपणे विचारलं की आबांना दोन टोप्या आणि आपल्याला एक, याचं काही कारण आहे का. दुसरा फोन ताईच्या मामेसासऱ्यांचा. तिसऱ्याने तर स्वतःचा साखरपुड्यातला फोटोच पाठवला, एक टोपी लाल गोलात घेरून. एरंडोल येईपर्यंत सत्तावीसपैकी एकोणीस झाले होते. जळगावच्या वेशीपाशी आमच्याच बाजूचे लोक सुरू झाले, ज्यांना मुळात टोपी मिळणारच नव्हती. शेवटचा मेसेज झुलाल आबांच्या फोनवरून होता. या सगळ्यांना जर दुसरी टोपी मिळणार असेल, तर मोठेपणाच्या मानाने आपली तिसरी होते, एवढंच त्यांनी नातवाकडून लिहवून घेतलं होतं.

नानांनी गाडी बाजूला घेतली आणि डोळे मिटून बसले. नूतनताईने माझा मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि तो कुठे ठेवला ते अजून सांगितलेलं नाही.

लग्न वैशाखात आहे. म्हणून, मा. जिल्हाधिकारी, जळगाव आणि मा. जिल्हाधिकारी, धुळे यांच्या सेवेशी, विषय: टोप्यांच्या वाहतुकीस तात्पुरती मनाई करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय अर्ज सादर करतो की, सदर विवाह निर्विघ्न पार पडेपर्यंत दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दीत साठ वर्षांवरील पुरुषांच्या डोक्यावर टोपी ठेवणे, ठेवून घेणे, ठेवल्याचा फोटो काढणे अथवा ठेवली नसल्याचे आठवणे यांस बंदी घालण्यात यावी. पारोळ्याजवळ यासाठी तपासणी नाका उभारावा. आणि अर्जदार ललित, शिक्षण बी.एस्सी. कॉम्प्युटर, यास लग्नाच्या दिवशी मंडपात कोणत्याही यंत्राला हात लावता येऊ नये, यासाठी शासकीय खर्चाने एक पूर्णवेळ शिपाई देण्यात यावा, ही नम्र विनंती.